तेहतीस दिवस

८ एप्रिल २०२४, सोमवार. दुसऱ्या दिवशी पाडवा. दुपारी साडेतीनला मी डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमधून बाहेर पडले आणि पँट्रीत जाऊन लागोपाठ दोन चहा प्यायले. महिनाभराची घासाघीस मी जिंकले होते. नोकरी सोडायची नव्वद दिवसांची नोटीस पन्नासावर आली होती, आणि खिशातून एक पैसा भरायचा नव्हता.

कंपनी रबाळे एमआयडीसीतली, पंप बनवणारी. माझ्याकडे एक्स्पोर्टची कागदपत्रं होती. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल वगैरे. कंटेनर न्हावा शेवा बंदरात पोचलाय आणि पॅकिंग लिस्टमध्ये ग्रॉस वेट चुकलंय, असं झालं की रात्री साडेनऊला फोन मला यायचा. ११ मार्चला मी पेपर टाकला. एक्स्पोर्टमध्ये मार्चला राजीनामा देणं म्हणजे भरल्या पंक्तीत वाढपी निघून जाण्यासारखं आहे, हे मलाही कळत होतं. पण ऐरोलीतल्या एका फ्रेट फॉरवर्डरकडून, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या कंपनीकडून, ऑफर आली होती, पगार चौदा हजारांनी जास्त, आणि त्यांना मी २ मेला हवी होते. कळव्याहून ठाण्याला यायचं आणि नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स हार्बर लोकल पकडायची, हा माझा रोजचा रस्ता. आता दोन स्टेशनं आधी उतरायचं की काय, असं मी घरी सांगत सुटले होते. खरं तर एकच. मधलं दिघा गाव स्टेशन जानेवारीतच सुरू झालं होतं, त्यामुळे मोजणीत माझा घोळ व्हायचा. मोजणीतला घोळ हा या सगळ्या प्रकरणाचा विषयच आहे म्हणा.

आमच्या साहेबांचं पहिल्या दिवशीचं उत्तर एका वाक्याचं होतं. "नव्वद म्हणजे नव्वद." म्हणजे ९ जूनपर्यंत. लवकर जायचं तर चाळीस दिवसांचे पैसे भर. एचआरच्या मुलीने एक्सेल उघडून आकडा दाखवला, ७७,३३३. माझा ५८,००० चा ग्रॉस भागिले तीस गुणिले चाळीस. मी घरी जाऊन कपाटातली प्लास्टिकची फाइल काढली, २०१९ चं अपॉइंटमेंट लेटर वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, तीन महिन्यांची नोटीस अथवा त्याऐवजी बेसिक पगार. बेसिक २६,०००. त्या हिशोबाने होतात ३४,६६७. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे ठेवलं.

"मॅम, पॉलिसी नंतर बदललीय ना."

"मग त्या बदललेल्या पॉलिसीवर माझी सही दाखव."

ती सही काही तिला सापडली नाही. मामेभाऊ वकील आहे, तो म्हणाला, कोर्ट कुणाला धरून कामावर बसवत नाही, फार तर पैसे मागतील. पण रिलीव्हिंग लेटर त्यांच्या हातात आहे, म्हणून तोंड गोड ठेव. मी तोंड गोड ठेवलं. साहेबांशी बोलून उपयोग नाही म्हटल्यावर डायरेक्टरांची वेळ घेतली. मार्चच्या सगळ्या शिपमेंटचे बँकेत जायचे कागद पुरे करून देते, आतल्याच स्टोअर्समधल्या मुलाला तयार करते, मला ३० एप्रिलला सोडा. ते माणूस व्यवहारी. पाच मिनिटांत हो म्हणाले. रिकव्हरीही नको म्हणाले. "पाडव्याची भेट समज."

तर दोन चहा पिऊन मी अकाउंट्समध्ये गेले. मार्चची दोन टॅक्सीची बिलं अडकली होती, तीही आजच सुटतील असा मूड होता.

अकाउंट्सचे काका रिटायरमेंटला आलेले. ऑडिटच्या व्हाउचरची चळत, टेबलाच्या कोपऱ्यात सुपारीची डबी, आणि मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असूनही मोठ्या बटणांचा तो जुना. मी बातमी सांगितली. त्यांनी अभिनंदन केलं नाही.

"जॉइनिंग कधीचं तुझं?"

"तीन जून एकोणीस."

त्यांनी पेन उचललं, खुर्चीवरून वळले आणि भिंतीवरच्या कालनिर्णयचं एप्रिलचं पान वर केलं. मग मेचं. जूनच्या पानावर पहिल्याच रविवारी पेनचं टोपण ठेवलं आणि तसंच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"या रविवारी तुझी पाच वर्षं पुरी होतात. दोन जूनला. तू तीस एप्रिलला चाललीस. किती कमी पडले?"

मी बोटांवर मोजलं. तेहतीस.

"बेसिक?"

"सव्वीस हजार."

"बरं आहे, भागाकार सोपा." कॅल्क्युलेटरला त्यांनी हातही लावला नाही. "ग्रॅच्युइटी म्हणजे पाच वर्षं पुरी करून नोकरी सोडली की कंपनीने द्यायचे पैसे. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना धरायचा सव्वीस दिवसांचा. सव्वीस हजाराला सव्वीसने भागलं, हजार. पंधरा दिवसांचे पंधरा हजार. पाच वर्षांचे पंच्याहत्तर."

मी ७७ हजार माफ करून घेतले म्हणून नाचत होते, आणि त्याच सहीने ७५ हजार सोडून आले होते. तेहतीस दिवसांत भागले तर दिवसाला सव्वादोन हजारांच्या वर. माझा रोजचा पगारसुद्धा तेवढा नव्हता.

राग आला तो स्वतःचा. दुसऱ्याच्या एलसीवरची, म्हणजे बँकेच्या पतपत्रावरची, शिपमेंटची शेवटची तारीख मी झोपेत सांगितली असती. बँकेने एका दिवसाच्या फरकावरून कागद परत पाठवलेले मी पाहिलेत, त्यासाठी लोकांना फोनवर झापलंय. आणि स्वतःची सर्व्हिस एकदाही मोजली नव्हती. पगाराच्या स्लिपवर ग्रॅच्युइटी कापलेली दिसत नाही, म्हणून ती डोक्यातही येत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे महिनाभर मी फक्त दिवस कमी करण्याच्या मागे होते.

काका म्हणाले, "मद्रास हायकोर्टाचा एक जुना निकाल आहे. चार वर्षांवर दोनशे चाळीस दिवस भरले की पाचवं वर्ष धरा. त्या हिशोबाने तुझं झालंय. पण आपल्याकडे आजवर कुणाला तसं दिलेलं नाही. लेबर ऑफिसला खेटे घालायची तयारी असेल तर जा खुशाल."

खेटे घालायची माझी तयारी नव्हती. नवी नोकरी, ठाण्याच्या लेबर ऑफिसच्या तारखा, आणि जुन्या कंपनीशी वैर, एवढं सगळं एका वेळी झेपणारं नव्हतं. वर डेस्कवर येऊन बघते तो एचआरचा मेल आलेला. राजीनामा स्वीकारला, शेवटचा दिवस ३० एप्रिल, पुढील वाटचालीस शुभेच्छा. साध्या रजेच्या मंजुरीला या लोकांना आठवडा लागतो.

संध्याकाळी रबाळे स्टेशनच्या बाकावर बसून आधी नव्या कंपनीतल्या साहेबांना फोन लावला. तिथून नकार आला तर इथे तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे मी नको इतका तपशील दिला. कुठला डोळा, कुठलं हॉस्पिटल. दोन गाड्या गेल्या. ते शांतपणे ऐकत होते.

"किती वर्षं झाली मॅडम तिथे?"

"पाचला थोडी कमी."

"मग ग्रॅच्युइटी म्हणा की सरळ. आईचे डोळे कशाला मध्ये?"

मला इतकी लाज वाटली की मी थँक्यू म्हणायचं विसरले. १० जूनला सोमवारी या, त्यापुढे एक दिवसही नाही, आणि हे मेलवर लिहून पाठवा, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्या रात्री घरी गुढीची काठी धुवायचं काम माझ्याकडे होतं. आईने विचारलं, ऑफिसात काय झालं? मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांबद्दल बोलणं चाललं होतं.

बुधवारी साहेबांसमोर उभी राहिले. ज्या माणसाकडे महिनाभर "मला लवकर सोडा" म्हणून धरणं धरलं, त्याच्याकडे आता "मला थोडं ठेवून घ्या" म्हणायचं होतं. मागणीला कायद्याचा आधारही लंगडा. लवकर जायची विनंती माझीच होती आणि त्यांनी ती लेखी मान्य केली होती. यावेळी काही सजवलं नाही. तारीख सांगितली, रक्कम सांगितली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे मी नव्वद म्हणत होतो ते तुझ्याच भल्याचं होतं."

हे वाक्य पुढे दोन महिने मी निदान दहा वेळा ऐकलं, दोनदा तर ग्राहकांसमोर. ती किंमत त्यांनी वसूल केली, शिवाय मेच्या शेवटची मोम्बासाची शिपमेंट माझ्या गळ्यात मारली. पण मानलं पाहिजे, डायरेक्टरांकडे ते स्वतः गेले. नवा मेल आला त्यात "कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून" हे शब्द जाड अक्षरांत होते. मी ३ जून मागणार होते. काका म्हणाले ४ घे, रविवार धरायचा की नाही यावरून कुणी खुसपट काढायला नको.

एप्रिल-मे कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. स्टोअर्समधला मुलगा हुशार निघाला. २० मेला मतदानाची सुट्टी मिळाली, त्या दिवशीही मोम्बासाच्या एजंटचे तीन फोन आले.

४ जून म्हणजे लोकसभेच्या निकालाचा दिवस. नो-ड्यूजच्या कागदावर नऊ सह्या घ्यायच्या होत्या आणि नऊही जणांची नजर मोबाइलवर. आयटीवाल्याने माझा लॅपटॉप उघडूनही पाहिला नाही, "साताऱ्यात काय चाललंय?" म्हणत सही ठोकली. निरोपाचा केक आला, तोही आकडे बघत बघत संपला. काकांनी मात्र दार लोटून घेतलं आणि ग्रॅच्युइटीचा फॉर्म आय माझ्याकडून समोर बसवून भरून घेतला. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. दोन्ही त्यांनी पेनने टिचकी मारून तपासल्या, एका प्रतीवर पोच घेतली. "तीस दिवसांत द्यावी लागते. एकतीसाव्या दिवशी मला फोन कर. आणि पीएफ काढू नकोस, ट्रान्सफर कर."

फोन करावा लागला नाही. १ जुलैला पैसे जमा झाले, पंच्याहत्तर हजार. फुल अँड फायनलचा कागद वेगळा आला, त्यात रजांचे पैसे होते आणि तळाला एक कपात: आयकार्डची दोरी परत केली नाही, रुपये १५०. दोरी खरंच माझ्याकडे राहिली होती. स्वयंपाकघराच्या दारामागे तिला आता गच्चीची किल्ली अडकवलेली असते.