बेडूक बघूक पैशे कोण देतलो? : आमची वाटचाल

सावंतवाडीहून आंबोली जेमतेम तीस किलोमीटरांवर आहे, आणि आमच्या व्यवसायाचे सारे आयुष्य याच तीस किलोमीटरांत गेले. 2007 साली आम्ही दोघा भावांनी एक जुनी जीप घेतली, तेव्हा डोक्यात फार मोठा बेत नव्हता. रेल्वेने किंवा गोव्याहून आलेल्या पर्यटकांना सकाळी घेऊन निघायचे, घाटातला धबधबा, महादेवगड, नांगरतास, कावळेसाद, हिरण्यकेशी असे सगळे ‘पॉइंट’ दाखवायचे आणि दिवेलागणीला खाली आणून सोडायचे, एवढाच धंदा होता. पावसाळ्याचे तीन महिने जीपला उसंत नसे. उरलेले वर्ष ती मिळेल त्या भाड्यावर चाले.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर वसलेली आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग याच कड्याला अडतात आणि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओतून जातात. भिंतींना, दगडांना, झाडांच्या खोडांना बाराही महिने शेवाळाची आठवण चिकटलेली असते. एवढ्या पावसाच्या गावी येणारा माणूस धबधब्याखालीच उभा राहणार, असे आम्ही धरून चाललो होतो.

आमचा चहाचा थांबा एका सड्याला, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाला, लागून होता. पहिल्या पावसात त्या कातळावरच्या डबक्यांभोवती अंगठ्याएवढे बेडूक जमत, रस्त्यावर येत आणि चाकांखाली जात. त्यात आमचीही चाके होती. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी या प्राण्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिले, झँथोफ्राय्ने टायग्रिना. कुशीवरच्या पिवळ्या, वाघासारख्या पट्ट्यांवरून हे नाव आले, आणि आज जगभर तो ‘आंबोली टोड’ म्हणून ओळखला जातो. ज्याच्यावरून आम्ही दोन पावसाळे गाडी चालवली, त्याचे बारसेसुद्धा तोवर झालेले नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात प्राणिशास्त्राचे पाच विद्यार्थी आले. त्यांनी दिवसाचे पूर्ण भाडे आधीच दिले आणि एकही पॉइंट न पाहता भर पावसात त्या सड्यावर तीन तास पालथे पडून राहिले. थोरल्या भावाने जीपमधूनच मला विचारले, ‘‘बेडूक बघूक पैशे कोण देतलो?’’ मी छत्री घेऊन खाली उतरलो. तळहात बुडेल न बुडेल एवढ्या पाण्यात काळ्या टिपक्यांसारखी अंडी होती. पाऊस चार दिवस थांबला तर डबके आटणार आणि त्यातले सगळेच संपणार, हे त्या मुलांनी समजावून सांगितले. त्या रात्री परतताना घाटात मी गाडी कधी नव्हे इतकी सावकाश आणली, आणि भाऊ काही बोलला नाही.

2011 पासून आम्ही दुपारी निघून रात्री परतणारी, फक्त वन्यजीवांची सहल सुरू केली. सुरुवातीच्या चुका आता सांगायला हरकत नाही. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे करतो. तो दिसला की आम्ही त्याला उचलून फोटोसाठी सोयीच्या पानावर बसवत असू. गिऱ्हाईक खूश होई. बेडूक कातडीवाटे पाणी आणि हवा घेतो आणि आपल्या हाताला डासांचे मलम लागलेले असते, हे एका पाहुण्यानेच आम्हाला सुनावले. तेव्हापासून कुणीही हात लावायचा नाही, आम्हीसुद्धा नाही. मलबारी चापडा हा विषारी साप एकाच फांदीवर कित्येक दिवस बसून राहतो, म्हणून त्याची जागा फोनवरून कुणाला कळवायची नाही, हा नियमही अनुभवानेच आला. एकदा आम्ही सांगितलेल्या जागी दुसऱ्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी उभी होती.

2020 च्या टाळेबंदीत गाडी दारात उभी असताना हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यातून एका छोट्या माशाची, शिस्टुरा हिरण्यकेशीची, नवी प्रजाती म्हणून नोंद झाली, आणि 2021 मध्ये राज्य शासनाने ते क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. लोक आता ‘तो मासा दाखवा’ म्हणतात. तो बोटापेक्षाही लहान आहे आणि कुंडाकाठी गर्दी केली की मुळीच दिसत नाही, म्हणून आम्ही तिथे नदीविषयी बोलतो: समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही हिरण्यकेशी पूर्वेकडे वळते, घटप्रभेला मिळते आणि तिचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते.

हिशेब सांगायचा तर सतरा आसनांच्या गाडीत आम्ही बाराच माणसे घेतो, कारण अंधारात त्याहून जास्त माणसांवर लक्ष राहत नाही. त्यामुळे आमचा दर इतरांपेक्षा चढा आहे आणि त्यावरून घासाघीस रोजची आहे. वाटेत घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ एका घरी सांगितलेली असते. खरे तर काही पाहुणे बेडकांपेक्षा तिच्यासाठीच पुन्हा येतात. दाट धुके असले किंवा दरड कोसळली तर फेरी रद्द होते आणि पूर्ण पैसे परत जातात. प्राणी दिसला नाही म्हणून मात्र परत देत नाही, आणि हे नोंदणीच्या वेळीच स्पष्ट सांगतो.

जुलै-ऑगस्टच्या रविवारी आम्ही गाडी काढत नाही. घाटात वाहनांची रांग लागते, धबधब्याजवळ कणसांच्या वासावर माकडे आणि माणसे एकाच वेळी जमतात, आणि त्या गोंधळात आमच्या सहलीला अर्थ राहत नाही. तरी फोन रविवारचेच येतात. ते भाऊच घेतो, नाव लिहून ठेवतो आणि मंगळवार सुचवतो. दहांपैकी दोघे-तिघे मंगळवारी येतात.