खर्जाची रांग

मिरजेत वाढलेल्या मुलांना गाणं वेगळं शिकवावं लागत नाही, असं बाहेरगावच्यांना वाटतं. सतारमेकर गल्लीतून शाळेत यायचं, दारादारांत ठेवलेले तंबोऱ्याचे भोपळे बघायचे, उरुसात मीरासाहेबांच्या दर्ग्यात रात्र रात्र गवई ऐकायचे. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, हेही आम्हाला पाठ. पण संगीताच्या तासाला सातवीच्या वर्गातला एक मुलगा तोंड उघडेल तर शपथ! गाणं मुलींचं, असा निकाल मागच्या बाकांवर कधीच लागला होता आणि त्यावर अपील नव्हतं. घरी वडिलांच्या पेटीवर गाणारी पोरंसुद्धा वर्गात नुसते ओठ हलवायची.

संगीताच्या बाईंनी यावर एकदाही भाषण दिलं नाही. एकेकट्याला उभं करून गायला लावणं त्यांनी बंदच केलं. आधी सगळ्या वर्गाने ओठ मिटून नुसता षड्ज, म्हणजे 'सा', धरायचा. त्यात कोण बेसूर हे शेजारच्यालाही कळत नसे. मग कबड्डीच्या कप्तानाला पुढे बोलावून त्यांनी सांगितलं, "तू गाऊ नकोस. फक्त ताल धर." तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिली, पाचवी आणि तेरावीला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी नाही. वर्ग भूप रागाचे पाच सूर घोळवायचा आणि कप्तान टेबलावर ताल धरायचा. त्याची खाली चुकली की मुली हसत, म्हणून त्याने हट्टाने ताल पक्का केला. दिवाळीनंतर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठताना तोच गुणगुणायला लागला. कप्तान गातोय म्हटल्यावर मागच्या बाकांना कुणाची भीती?

आठवीत आवाज फुटायला लागले. ज्याचा फुटेल त्याची टिंगल ठरलेली. बाईंनी त्या मुलांना पेटीच्या काळी चार पट्टीवरून खालच्या काळी एकवर आणलं, मागे उभं केलं आणि त्या रांगेला नाव दिलं 'खर्जाची रांग', खर्ज म्हणजे खालचा भरदार सूर. झालं! ज्यांचा गळा अजून कोवळा होता ती पोरं त्या रांगेत घुसायला मुद्दाम घसा खरवडून बोलू लागली. समूहगीताच्या स्पर्धेला आमच्या गटात मुलींपेक्षा मुलगे जास्त होते. बक्षीस कितवं आलं ते आता कुणालाच धड आठवत नाही.

हे सगळं कौतुकाचं, पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वर्गातली सर्वांत सुरेल मुलगी संगीताची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा झालेली होती आणि रोजची प्रार्थना तीच सांगायची. मधल्या सुट्टीत मैत्रिणी तिला "आल्या गानकोकिळा" म्हणून टोचायच्या. नववीत घसा दुखतो असं सांगून तिने प्रार्थना सोडली. बाईंचं सगळं लक्ष मुलग्यांना गातं करण्यात होतं. मुलींचं गाणं त्यांनी गृहीतच धरलं होतं.

ती आता गाण्याचे वर्ग घेते. गेल्या वर्षी भेटली तेव्हा म्हणाली, नव्या पोरांना पहिला पलटा, म्हणजे सुरांचा सराव, मी स्वतः गाऊन दाखवतच नाही. वर्षभर पुढे असलेल्या मुलाला गायला बसवते. बरोबरीच्या पोराचा आवाज मुलं पटकन उचलतात, शिवाय पुढच्या वर्षी आपणही तिथे बसणार हे त्यांना ठाऊक असतं. आणि त्या मुलावर कुणी शेरा मारलाच, तर शेरा मारणाऱ्यालाच ती पुढचा पलटा गायला लावते.