बारके धक्के आणि मोठा धक्का

११ डिसेंबर, सातारा

आज पाटण तालुक्यातल्या एका शाळेत कोयनेच्या भूकंपावर बोलून आलो. मुलं होती, गावकरीही आले होते. १९६७ साली याच तारखेला, पहाटे, कोयनानगर हादरलं आणि जवळपास दोनशे माणसं गेली.

सुरुवात धरणापासून केली. जलाशयाचं पाणी खडकातल्या भेगांत मुरतं, खोलवर दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो. ताण जमिनीतलाच, पाणी निमित्त होतं. एवढ्यात एक आजोबा म्हणाले, "सर, बारकं धक्कं बसत्यात ते बरंच हाय की. जोर निघून जातोय, मग मोठा यायचा न्हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. हा समज इकडे घरोघरी आहे.

मग पुढचं सगळं बाजूला ठेवलं. फळ्यावर ६७ च्या धक्क्याचा आकडा लिहिला, ६.३. खाली एका बारक्या धक्क्याचा, ४.३. रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते. "मग दोन अंकांना किती?" आठवीतल्या एका मुलीने वहीत गुणाकार मांडला आणि उभी राहून म्हणाली, "एक हजार चोवीस!" म्हणजे ६७ च्या त्या एका धक्क्याइतका जोर निघायला ४.३ चे हजारेक धक्के बसावे लागतील. आजोबा बराच वेळ फळ्याकडे बघत होते. म्हणाले, "म्हंजे पोराच्या घराला कॉलम घालायलाच पायजेत."

मला आज एवढं एक वाक्य पुरलं.

याच भागात, गोठण्याला, संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलंय. वरचा बेसॉल्ट संपून खालचा ग्रॅनाइट लागतो तिथवर आणि त्याही खाली. त्यावरचे शोधनिबंध इंग्रजीत निघतात, आणि ज्यांच्या पायाखालचा हा खडक आहे त्यांच्यापर्यंत पोचतात त्या व्हॉट्सॲपवरच्या अफवा. हे मला मनापासून खटकतं. भूकंप कधी होईल ते आज कुणालाच सांगता येत नाही, हेही मी स्पष्ट सांगतो. असं बोललं तर लोकांचा विश्वास उडतो, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. मला पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या धक्के सोसलेल्या माणसांना खरं पचतं. गोलमोल बोललेलं मात्र ते लगेच ओळखतात.

आता पुढची बैठक गवंड्यांसाठी घ्यायची. स्थापत्यच्या एका सहकाऱ्याला फोन केलाय. सळई कुठे, किती आणि कशी बांधायची, ते प्रत्यक्ष बांधून दाखवायला तो यायला तयार आहे.