तुम्ही विचारलंत म्हणून: पोलच काहून?

"काहून गं, मल्लखांब आपलाच आहे नं? मग हा पोल कशाला?" मी मैत्रिणींसोबत उभ्या पोलवर चढायचा व्यायाम करते, म्हणून लग्नाच्या पंगतीत, बर्डीवर खरेदी करताना, लेकीच्या शाळेच्या फाटकाशी मला हे विचारतात. उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगून होत नाही, म्हणून आज नीट लिहिते.

मी मूळची अमरावतीची. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर मुलं खांबावर सरसर चढताना बघत मोठी झाले. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचं पथक तिथे देशी खेळ दाखवून आलं, हे माझ्या वडिलांनी मला कितीदा सांगितलं असेल! त्यामुळे मल्लखांबाबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. नागपुरात आम्ही चौघी मैत्रिणी आधी मल्लखांबच विचारायला गेलो होतो. तिथल्या सरांनी प्रेमानं समजावलं, संध्याकाळचा वर्ग मुलांचा आहे, चाळिशीतल्या नवशिक्या बायकांसाठी वेगळी वेळ काढता येणार नाही. त्यांचंही खरंच होतं.

आमच्यातली एक पुण्यात नोकरीला असताना तीन वर्षं पोल शिकली होती. ती म्हणाली, "मी शिकवते, जागा बघा." पोल म्हणजे स्टीलची नळी, जाडी साधारण ४५ मिलिमीटर. मल्लखांब लाकडाचा, बुंध्याशी चांगला जाड. पोलवर मात्र बाईची मूठ पुरती मिटते. आमचा पोल जमीन आणि छत यांच्यामध्ये दाब देऊन बसतो, त्यामुळे वर पक्का स्लॅब लागतो. पहिल्या भाड्याच्या हॉलमध्ये पीओपीचं छत होतं, पोल आवळताना त्याला तडा गेला आणि आमचं डिपॉझिटही गेलं. शेवटी मनीषनगरला मैत्रिणीच्या घरी वरची खोली मिळाली. स्लॅब, खाली जाड गादी, आणि पहाटे साडेपाचची वेळ.

पहाटच काहून, तर नागपूरचा मे महिना. पारा ४५ च्या पुढे गेला की तळहात कोरडा राहतच नाही. कूलर लावला तर दमट हवेनं मूठ आणखी सुटते. डिसेंबरात उलट, पोल इतका गार पडतो की कातडी त्याला धरतच नाही. मग दोघी जणी तो हातांनी चोळून आधी ऊब आणतात. प्रत्येकीच्या पाळीनंतर स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचा.

आता कपड्यांचं. हे थेट कमी जण विचारतात, पण मनात सगळ्यांच्या असतं. मल्लखांबावर एरंडेल चोळतात. पोलवर तेलाचा थेंब चालत नाही, कारण इथे माणूस टिकतो तो उघड्या कातडीच्या पकडीवर. लेगिंग घालून मांडीनं पोल धरून बघा, सर्रकन खाली याल. सर्कशीतल्या चायनीज पोलला रबराचं आवरण असतं, म्हणून ते कलाकार अंगभर कपड्यांत चढतात. आमच्या पोलला ते नाही, म्हणून आम्ही हाफ पँट घालतो.

आणि माझं खरं उत्तर इथेच आहे. लहानपणापासून मांड्या म्हणजे झाकायची गोष्ट. ओढणी नीट घे, पाय जवळ घे, जाड दिसतेस, कुर्ता लांब घाल. चाळीस वर्षं या मांड्यांनी मला नुसतं अवघडून टाकलं होतं. पोलवर सगळा भार त्याच उचलतात. 'पोल सिट' म्हणून एक बैठक आहे: वर चढायचं, पोल दोन मांड्यांत आवळायचा, एका पायावर दुसरा टाकायचा आणि हात सोडायचे. आतली नाजूक कातडी अशी ओढली जाते की डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्या दिवशी रुपयाएवढे निळे डाग. काही आठवड्यांनी कातडी सरावते.

आमच्यातल्या एकीला दोन सिझेरियन झालेत. डॉक्टरांना विचारून ती आली, आणि चार महिने तिचा हात पोलवरून निघत नव्हता. खाली आम्ही दोघी, एकीचा तळहात तिच्या कमरेमागे. एका मंगळवारी तिनं आधी उजवा हात सोडला, मग डावा. पोलवर पाच आकडे बसून राहिली. मोजणारीचा आवाज तिसऱ्या आकड्याला फुटला. खाली उतरून ती मांड्यांवर हात फिरवत म्हणाली, "माय, यांनी धरलं मला."

तिथे मी हजर होते. त्यानंतर पोलच काहून, हे मला स्वतःला पुन्हा विचारावं लागलं नाही.

खोलीच्या दाराशी एक स्टीलचा डबा ठेवलाय. आल्या आल्या बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र त्यात काढून ठेवायचं, कारण धातूवर धातू घासला की पोलवर चरे पडतात आणि कातडीही कापते. परवा माझ्या सासूबाई सोबत आल्या होत्या. नुसत्या बघायला. जाताना त्यांनी डब्यातून माझं मंगळसूत्र काढून स्वतःच्या हातानं घातलं आणि विचारलं, "गुरुवारी पण असतं का गं?"

असतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तुम्हीही येणार असाल तर आदल्या रात्री अंगाला क्रीम लावू नका, नॅपकिन आणा, खांद्याचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिले दोन आठवडे कुणालाच वर चढवत नाही. पोल धरायचा, पाय जमिनीवरून उचलायचे आणि दहा मोजायचे, एवढंच.