गाझिआन्तेप: खाण्याच्या वेळा धरून आखलेली छोटी सहल

तुर्कस्तानच्या आग्नेयेला असलेल्या या शहराला तिथले लोक नुसतं ‘आन्तेप’ म्हणतात. इथे फिरायचं वेळापत्रक मी पदार्थांच्या वेळांवरून आखलं आणि बघायच्या जागा मधल्या फटींत बसवल्या. कारण इथला प्रत्येक पदार्थ आपल्या वेळेलाच चांगला मिळतो. युनेस्कोने 2015 मध्ये खाद्यसंस्कृतीसाठी निवडलेलं हे शहर दोन मुक्कामांत छान होतं.

आधी व्हिसा. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा अथवा निवास परवाना असेल तरच भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. हा आधाराचा व्हिसा किंवा परवाना तुर्कस्तानात शिरायच्या दिवशीही वैध हवा, आणि त्या देशांचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा आधार म्हणून चालत नाही. बरेच अर्ज इथेच फसतात. हा आधार नसेल तर व्हिसा केंद्रातून स्टिकर व्हिसा घ्यावा लागतो. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी, जादा पैसे घेणारी संकेतस्थळं खूप आहेत, म्हणून पत्ता नीट वाचूनच पैसे भरा.

मुंबईहून इस्तंबूल, तिथून देशांतर्गत विमानाने पावणेदोन तास. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत, एक युरोपच्या बाजूला आणि सबिहा गोकचेन आशियाच्या. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान धरायचं म्हणजे शहर ओलांडणं आलं, आणि त्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची घ्या. मुक्काम किल्ल्याजवळच्या जुन्या वस्तीत केला की बाजार पायी होतो.

पहिली सकाळ बेयरानची. कोकराचं शिजवून सोडवलेलं मांस, भात, शेपटीची चरबी, लसूण, लाल मिरची आणि रस्सा तांब्याच्या ताटलीत घालून मोठ्या आचेवर उकळतात. हे गरमच संपवायचं, कारण निवलं की चरबी थिजते. दुसरी सकाळ कातमेरची. हातावर मांडे ताणतात तशी पारदर्शक होईपर्यंत पसरवलेली कणीक, आत साय, साखर आणि भरपूर पिस्ते, वरून भट्टीची आच. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी नवदांपत्याला कातमेर देण्याची इथली रीत आहे. एक कातमेर दोघांना पुरतं. दुपारी गेलात तर मिळेलच असं नाही.

न्याहारीनंतर झ्यूग्मा मोझेक संग्रहालय. दोन ते अडीच तास हवेतच. फुरात (युफ्रेटिस) नदीवरच्या बिरेजिक धरणाचं पाणी 2000 साली झ्यूग्मा या प्राचीन नगराच्या काही भागावर चढलं. त्याआधी घाईने काढलेल्या फरशा इथे भिंतींवर आणि जमिनीवर पुन्हा मांडल्या आहेत. ‘जिप्सी मुलगी’ हा मोझेकमधला प्रसिद्ध चेहरा वेगळ्या अंधाऱ्या दालनात आहे. गर्दी व्हायच्या आत आधी तीच बघा, मग उलट्या दिशेने फिरा. तिच्या मूळ फरशीचे चोरीला गेलेले 12 तुकडे 2018 मध्ये अमेरिकेतून परत आले, तेही पाहायला विसरू नका. फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात किल्ल्याची मोठी पडझड झाली, त्यामुळे वर जाता येतं का ते निघण्यापूर्वी विचारून घ्या.

बकलावा सकाळी भाजतात, म्हणून अकरा-बाराच्या सुमाराला दुकानात बसून खाणं उत्तम. चाळीसेक पापुद्रे, रव्याची साय, शेळी-मेंढीच्या दुधाचं तूप आणि पूर्ण पिकण्याआधी तोडलेले हिरवेगार पिस्ते. चव या पिस्त्यांची असते. पिवळट, भुरकट सारण दिसलं तर दुसरं दुकान बघा. तुकडा काट्याने उलटा करून, खालची बाजू टाळूला लागेल असा तोंडात घालायचा. दात लागताच पापुद्रे वाजले पाहिजेत. लगदा लागला तर तो ताजा नाही. 2013 मध्ये युरोपियन संघाचं भौगोलिक मानांकन या बकलाव्याला मिळालं आणि ते त्याला शोभतं.

दुपारनंतर तांबट आळी आणि शेजारचा मसाल्यांचा अलमाजी बाजार. रविवारी पुष्कळ दुकानं बंद असतात. थकवा आला की मेनेंगिच घ्या. रानपिस्त्याच्या जातीच्या फळांची, दुधातली, कॅफीन नसलेली कॉफी.

शाकाहारी मंडळींनी ‘एतसिझ’, म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हणून थांबू नये. मसूरीचं सूप किंवा फिरिकचा, म्हणजे भाजलेल्या हिरव्या गव्हाचा, पुलाव पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा ‘एत सुयू वार मं?’, म्हणजे यात मांसाचं पाणी आहे का, हेही विचारा. रमझानात दिवसा बऱ्याच खानावळी बंद असतात आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

घरी न्यायचा बकलावा शेवटच्या सकाळी घ्या आणि ‘कुरू’, म्हणजे कोरडा मागा. पाक कमी असल्यामुळे तो जास्त टिकतो. फ्रिजमध्ये ठेवू नका. तूप थिजतं आणि पापुद्रे मऊ पडतात.