मागची बाजू न वाचलेला डबा

मे महिन्यातली सोमवारची सकाळ. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गल्लीत क्रेन वळली तेव्हा माझ्या गॅरेजचं शटर अजून अर्ध्यावरच होतं. क्रेनवरची पांढरी हॅचबॅक ओळखीची होती. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन. मालक तिशीतला, राहायला कासारवडवली, नोकरी ऐरोलीला आयटीत. मागून रिक्षातून उतरला आणि पैसे देता देताच म्हणाला, "दादा, कॉइल गेली असणार. काल वसईहून येताना गायमुखच्या चढावर मिसिंग करायला लागली."

ठिणगीची कॉइल निघाली असती तर मलाही बरं वाटलं असतं. चावी फिरवली तर सायलेन्सरमधून निळा धूर. ऑइलचं झाकण उघडून वर तळहात धरला, तर आतून लोहाराच्या भात्यासारखे फुंकारे येत होते. पोऱ्याला म्हटलं, तिन्ही प्लग काढ आणि क्रमाने फडक्यावर ठेव.

पहिले दोन ठीक. तिसऱ्याच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक चंदेरी ठिपके होते, अगदी सुईच्या टोकाएवढे. नखाने खरवडले, निघाले नाहीत. ते अ‍ॅल्युमिनियम होतं आणि तिथे अ‍ॅल्युमिनियम बहुतेक वेळा पिस्टनमधूनच येतं. मग सिलिंडरमधला दाब मोजायला कॉम्प्रेशन गेज लावला. १७५, १७०, आणि तिसऱ्यात ६०. दोनदा मोजलं. गाडीचा मालक गेजकडे बघत होता, त्याला आकडे कळत होते.

"रिमॅप करून तीन वर्षं झाली दादा. बत्तीस हजार किलोमीटर. ट्यूनमुळे जायचं असतं तर पहिल्याच महिन्यात गेलं असतं ना?"

रिमॅप किंवा ट्यून म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं. ते केलेले बरेच जण हेच म्हणतात, आणि म्हणणं अगदीच खोटं नाही. कळव्याचं एक गिऱ्हाईक आहे माझं, डिझेल गाडी, ट्यूनवर नव्वद हजाराच्या पुढे गेलीय. क्लच एकदा बदलला, बाकी काही नाही. पण तो माणूस साडेसात हजाराला तेल बदलतो, इंजिन गरम होईपर्यंत पाय दाबत नाही, आणि भिवंडी बायपासला बायको ओरडली तरी दोन मिनिटं आयडल ठेवल्याशिवाय गाडी बंद करत नाही. सगळे असे नसतात.

दुपारपर्यंत हेड उतरवलं, खालचा तेलाचा चेंबर खोलला. तिसऱ्या पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली कड तुटली होती. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा तेलात पडलेला सापडला. बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, उभ्या रेघा, नख अडकेल एवढ्या खोल. म्हणजे हाफ इंजिन, पिस्टनसकट अख्खा खालचा भाग नवीन. खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा तो बाहेर जाऊन दहा मिनिटं फोनवर बोलत राहिला.

परत आल्यावर मी त्याला फोनमधले लॉग, म्हणजे इंजिनाच्या आकड्यांच्या नोंदी, उघडायला लावले. ट्यून केल्यावर या पोरांना डोंगल लावून आकडे बघायची फार हौस असते, महिनाभर. मग विसरतात. याने मात्र पंधरा दिवसांपूर्वी एक लॉग घेतला होता, "पिकअप थोडा कमी वाटत होता म्हणून." माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये इनटेकची हवा ६८ अंश. तिसऱ्या सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सहा डिग्री मागे खेचत होता. म्हणजे इंजिन आत नॉक करतंय (पेट्रोल नीट न जळता ठोके देत फुटतंय), ईसीयू ते गुपचूप सावरतोय, आणि ड्रायव्हरला फक्त पिकअप कमी वाटतोय, म्हणून तो पाय आणखी दाबतोय.

मॅप कुठल्या पेट्रोलवर बसवलाय विचारलं. १०० ऑक्टेनवर, नॉकला जास्त टिकणाऱ्या पेट्रोलवर. ते आपल्याकडे डिसेंबर २०२० पासून मिळतं, पण मोजक्याच पंपांवर, आणि साध्यापेक्षा बरंच महाग. पहिलं वर्षभर त्याने नेमाने भरलं. मग घराचा हप्ता सुरू झाला.

"आणि तेल?"

"तेल तर तुम्हीच टाकता दादा."

गिऱ्हाईक स्वतःचं तेल आणतं तेव्हा उरलेलं मी नाव टाकून माळ्यावर ठेवतो. पोऱ्याने याचा डबा खाली आणला. फुल सिंथेटिक, ५डब्ल्यू-४०, समोरून एकदम झकास. ऑनलाइन सेलमध्ये चार डबे एकदम घेतले होते त्याने. मी डबा फिरवला. मागे बारीक अक्षरात 'एपीआय एसएन', म्हणजे तेलाचा दर्जा, आणि तोही जुना.

छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाची खरी भीती कमी आरपीएमला असते. सतराशे-अठराशे आरपीएम, गिअर वरचा, पाय दाबलेला. रिंगेच्या वरच्या फटीत तेल आणि पेट्रोल मिसळून साचतं, आणि एखादा थेंब ठिणगी पडायच्या आधीच पेटतो. मग टायमिंग कितीही मागे खेचा, उपयोग नाही, कारण ठिणगीची पाळीच आलेली नसते. एकच फटका, पण घणाचा. याला तेलातलं कॅल्शियम खतपाणी घालतं. म्हणून मे २०२० पासून आलेल्या 'एसपी' दर्जाच्या तेलाला या फटक्याची वेगळी चाचणी पास करावी लागते. 'एसएन'ला ती नव्हती.

ट्यूनने या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १७५ वरून २३० न्यूटन-मीटरच्या घरात नेला होता, आणि तोही नेमका सतराशे-अठराशेला. घोडबंदर रोडवर आख्खं आयुष्य याच आरपीएममध्ये जातं. पुढचा ट्रक सरकला की पाय दाबायचा, परत ब्रेक.

कंपनी इंजिनात थोडी ढील ठेवते. हलक्या पेट्रोलसाठी, मे महिन्यातल्या माजिवड्यासाठी, आणि डबा न फिरवता तेल ओतणाऱ्या माझ्यासारख्या मेकॅनिकसाठी. ट्यूनर तीच ढील काढून पिकअप म्हणून विकतो. त्यात फसवणूक नाही, पण मग बाकीच्यांना ढिलाई करायची सोय राहत नाही. इथे आम्ही तिघांनी केली: ट्यूनरने परत कधी लॉग मागितला नाही, याने पेट्रोल बदललं, आणि मी ते तेल दोनदा ओतलं. कड नेमकी कशाने तुटली हे सांगता येणार नाही, पण माझा वाटा मला त्या डब्यावर दिसत होता.

मी त्याला तसं सांगितलं. पोऱ्यासमोर सांगायला जड गेलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो डबा हातात घेऊन मागचं वाचत राहिला, मग म्हणाला, "मीही कुठे वाचलं होतं."

लेबरचे पैसे मी घेतले नाहीत. हाफ इंजिन यायला तीन आठवडे लागले. सॉफ्टवेअर मूळचं करून गाडी दिली. पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालव, हजाराला तेल बदलायला ये, म्हटलं. आला. डबा माझा होता, मागची बाजू त्याला दाखवूनच झाकण फोडलं.

दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "दादा, इंजिन आता मोकळं झालंय. थोडा हलका मॅप टाकू का, साध्या पेट्रोलवरचा?"

म्हटलं, "दर महिन्याला लॉग मला पाठवणार असशील तर विचार कर. आणि मोकळ्या रस्त्यावर घाल पाय, जॅममध्ये नको."

"आणि तेल?"

"तेल मी आणणार."