काळ्या रानातला सेन्सर आणि आबांचा वापसा

दसरा होऊन चार दिवस झाले होते. नाल्याकाठच्या वावरात बसवलेला सेन्सर मोबाइलवर 11 टक्के ओल दाखवत होता, आणि आबा त्याच वावरात उभे राहून, वापसा म्हणजे पेरणीजोगी ओल आली का ते पाहायला मुठीत मातीचा लाडू वळत होते. "वापसा आलाय रे. उद्या ज्वारी पेरतो. तुझं यंत्र काय म्हणतं?"

यंत्राच्या मते रान कोरडंठाक होतं.

माथ्यापासून नाल्यापर्यंत सहा ठिकाणी ओलाव्याचे सेन्सर आणि दोन विहिरींत पातळी मोजणारे, एवढं काम मी अंगावर घेतलं होतं. धास्ती होती ती रेडिओची, पण ते सोपं गेलं. लोराचा, म्हणजे थोड्या विजेत लांबवर आकडे पाठवणाऱ्या रेडिओचा, 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो. गावच्या टाकीवर अँटेना लावली. टेकडीआडच्या विहिरीचा सिग्नल येईना, म्हणून तिथला डबा बांधावरच्या खांबावर चढवला. तासातून एकदा जागं व्हायचं, आकडा पाठवायचा आणि झोपायचं, म्हणून बॅटरी टिकते.

खरं अडलं ते मातीपाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती जागा खुरप्याने हळूहळू उकरली. वीतभर खाली गेल्यावर दिसलं, सेन्सरच्या मातीत गाडलेल्या पट्टीच्या एका अंगाला काडी सहज आत जाईल अशी फट होती. जूनमध्ये मी खड्डा घेऊन पट्टी उभी ठेवली होती आणि ढेकळं वरून लोटली होती. काळी माती वाळताना आकसते, तशी ती पट्टीपासून सुटली. हा सेन्सर पाणी थेट मोजत नाही, भोवतालचा परावैद्युतांक मोजतो, म्हणजे विजेच्या क्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो त्याचं माप. पाण्याचा तो 80 च्या आसपास, कोरड्या मातीचा 3 ते 5, हवेचा 1. फटीतली हवा त्याने कोरडी माती म्हणून धरली. आबांची मूठ बरोबर होती.

मग पट्टी खड्ड्याच्या न हललेल्या भिंतीत आडवी दाबून बसवली आणि खड्डा थराथराने चोपत भरला. आकडा 29 वर आला. तरी माझं समाधान होईना. 100 घनसेंटीमीटरची नळी ठोकून शेजारची माती काढली, तिथेच पिशवीत बांधली आणि कृषी महाविद्यालयात नेली. ओली असताना 161 ग्रॅम, ओव्हनमध्ये 105 अंशांवर 24 तास ठेवल्यावर 125. म्हणजे 36 ग्रॅम पाणी, आकारमानाने 36 टक्के. सेन्सरसोबत आलेलं सूत्र आमच्या चिकण मातीसाठी नव्हतंच. ओली, मध्यम, कोरडी अशा नळ्या काढत मी त्या वावरापुरतं सूत्र बसवलं. दीड महिना गेला, पण नव्याने बसवायचा असता तरी मी हेच आधी केलं असतं.

वहीत आता दोन रकाने आहेत, एकात सेन्सरचा आकडा, दुसऱ्यात आबांचा शब्द. माथ्यावरच्या मुरमाड रानासमोर परवा आबांनी लिहायला सांगितलं, "हरभरा नको." तिथली पहिली नळी उद्या ओव्हनला जातेय.